सदतीस नंबरचा बिल्ला

मोखाडा

धान्य कुठे जाते ते पाहून यावे, एवढेच मला सांगण्यात आले होते.

मानमोडीच्या तापाच्या साथीनंतरचा हा वैशाख. आदल्या वर्षी पावसाने ओढ दिली, त्यावर साथ आली आणि डोंगरी मुलखातली घरेच्या घरे रिकामी झाली. मुंबईतल्या काही सज्जनांनी मंडळी स्थापन केली, वर्गणी जमवली, नागली, म्हणजे नाचणी, आणि तांदूळ घेऊन मोखाडा व जव्हार या बाजूस पाठवले. आमच्या पत्राने त्यासाठी आवाहने छापली होती. ज्यांनी पसाभर दिले त्यांना ते कुणाच्या पोटात गेले हे कळले पाहिजे, असे संपादकांचे म्हणणे पडले आणि मी इगतपुरीची गाडी धरली.

इगतपुरीहून पुढे बैलगाडी. गाडीवान मंगळ्या हा खोडाळ्याकडचा ठाकूर. वाटेत त्याने दोनदा आस बदलला, एकदा मला उतरवून चढणीवर गाडी मागून रेटायला लावली आणि वर पोहोचल्यावर म्हणाला, "शेट, तुझ्यापेक्षा माझा डावा बैल बरा. तो बोलत तरी नाय." इथे सगळ्यांना 'तू' म्हणतात. गाडीवान प्रवाशाला, शेतकरी मामलेदाराला, आणि असे सांगतात की जव्हारच्या महाराजांनाही. पहिल्या दिवशी कान टवकारतात, तिसऱ्या दिवशी आपल्या गावच्या 'आपण', 'तुम्ही', 'अहो' यांचे ओझे जाणवू लागते.

मोखाडा हा खालसा मुलूख, म्हणजे इंग्रज सरकारचा. जव्हारच्या बाजूने काही कोस गेले की संस्थानची हद्द लागते. डोंगर तोच, ऐनाची झाडे तीच, माणसेही एकमेकांची सोयरी. फरक एवढाच, की अलीकडे फिर्याद मामलेदाराकडे नेतात आणि पलीकडे दरबारात.

मंडळीचे कोठार बाजाराच्या टोकाला होते. शेजारी मांडव घालून लहान मुलांसाठी खिचडीची चूल पेटवली होती. मुले ओळीत बसत आणि खिचडी पानावर पडताच तोंड भाजून घेत. वाढणारी बाई त्यांना फुंकर मारायला शिकवत होती. चिटणीस हे मुंबईतल्या एका शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी मला सर्व काही न विचारता दाखवले. यादी दाखवली. यादीतल्या प्रत्येकाला पत्र्याचा एक बिल्ला दिलेला, त्यावर ठोकून उठवलेला आकडा. बिल्ला दाखवला की आठवड्याचे धान्य. ज्याच्या अंगात काम करण्याची ताकद आहे त्याला रस्त्यावर खडी फोडण्याचे काम आणि मजुरीत धान्य. बिल्ला फक्त चार प्रकारच्या लोकांना: म्हातारे, पंगू, पोरके आणि लहान मुलांच्या विधवा आया.

"एवढा काटेकोरपणा कशाला?" मी विचारले.

"मी संवत छप्पनचा दुष्काळ पाहिला आहे," ते म्हणाले. "तेव्हा तरुण होतो. गुजराथेत एका अन्नछत्रावर वाढायला गेलो होतो. यादी नव्हती. जो ढकलत पुढे आला त्याला मिळाले. ज्याला ढकलता येत नव्हते तो मागे पडून राहिला. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर आम्ही ती माणसे पाहिली. तेव्हापासून मी यादीवाला झालो."

हे त्यांनी बिल्ले मोजता मोजता सांगितले.

जव्हार

मोखाड्याहून जव्हारला चढत जावे तसा वारा बदलतो. वैशाखातही दुपारी झाडाखाली बसवते. गाव लहान, रस्ते स्वच्छ, राजवाडा, दरबारची कचेरी, दवाखाना, शाळा, थोडी दुकाने. मंडळीचे धान्य इथे दरबारच्या परवानगीने वाटले जाते, जागा दरबारची, कारकून मंडळीचा.

दरबारच्या एका अधिकाऱ्यांची मी भेट घेतली. त्यांनी पन्हे दिले. संस्थानात दुष्काळी मदत केव्हापासून देतात, असे विचारल्यावर ते हसले.

"केव्हापासून म्हणजे? कोठार आहे तेव्हापासून. वाईट साल आले की राजाने कोठार उघडायचे. त्याला मदत असे नाव तुम्ही मुंबईवाल्यांनी दिलेत."

"धर्म म्हणून उघडत?"

"धर्म होताच. पण हद्द चालत तासाभराच्या वाटेवर आहे, साहेब. उपाशी माणूस रात्रीतून खालशात जातो. माणूस गेला की जमीन पडीक, जमीन पडीक की संस्थान कशाचे? म्हणून कोठार उघडायचे. पुण्य लागले तर लागले."

चिटणिसांच्या मते मदत म्हणजे न्याय. या अधिकाऱ्यांच्या मते राज्य राखण्याची रीत. मी स्वतः ज्या गावात वाढलो तिथे ते सरळ पुण्य होते. घाटावरच्या त्या गावी विद्यार्थी असताना मी वार लावून जेवलो, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. प्रत्येक घरच्या यजमानाला त्या दिवसाचे पुण्य मिळे आणि मला पोटभर जेवण. हा सौदा दोन्ही बाजूंना पटलेला होता. निदान मी तसे समजत असे.

वाटप बाजाराच्या दिवशी होते. कारकून बर्वे हे तिशीतले, नीटनेटके, शाईचे डाग पडू नयेत म्हणून बाह्या दुमडून बसणारे. लोक येत, बिल्ला दाखवत, नोकर लाकडी मापाने नागली मोजून फडक्यात ओती, बर्वे यादीत खूण करत. कुणी कुणाला ढकलत नव्हते. चिटणिसांचा छप्पनचा अनुभव इथे कामी आला होता, हे मी टिपून घेतले.

ओळ संपत आली तेव्हा पंचविशीची एक बाई पुढे आली. तिच्याजवळ फडके नव्हते. तिने बिल्ला रिकाम्या मापात टाकला.

"हा घे तुझा बिल्ला."

बर्व्यांनी वर पाहिले. "सदतीस. चैती. तीन बाजार झाले, आली नाहीस. फडके कुठे आहे?"

"मला दाणा नको. बिल्ला परत घे."

"परत घेत नाहीत."

"कोण नाय घेत?"

"कोणीच नाही. परत घ्यायची सोय नाही, बाई. नको असेल तर येऊ नकोस. बिल्ला तुझ्याजवळ ठेव."

"जवळच तर नको," ती म्हणाली, आणि बिल्ला मापात तसाच टाकून निघून गेली.

बर्व्यांनी तो काढून पुसला. पुढच्या म्हातारीच्या नागलीत तो जाऊन चालला नसता. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुम्ही दाभोशाकडे जाणार म्हणत होता ना? हिचा पाडा तिकडेच, नदीच्या वरच्या अंगाला. एवढा बिल्ला तिला पोहोचवाल? यादीत नाव आहे तोवर बिल्ला माझ्याकडे राहिला तर उद्या कुणी म्हणेल, कारकुनाने तिच्या नावावर धान्य उचलले."

त्यांचे म्हणणे रास्त होते. मी बिल्ला कोटाच्या खिशात घातला.

पाडा

दाभोशाला नदी कड्यावरून खाली उडी घेते. श्रावणात तो आवाज लांबून ऐकू येतो म्हणतात. मी पाहिला तेव्हा काळ्या खडकावरून पाण्याची एक दोरी लोंबत होती. वर, जिथे प्रवाह उथळ आहे, तिथे बायकांनी दगडांच्या आधाराने टोपल्या पाण्यात दाबून ठेवल्या होत्या. टोपल्यांत पांढऱ्या चकत्या. मला वाटले, काकडी.

त्याच टोपल्यांजवळ चैती बसली होती. मी पुढे होऊन ओळख दिली आणि बिल्ला काढला. तिने दोन्ही हात पाण्यात घातले.

"दादा, तो माझ्या हातात देऊ नको."

"मग कुठे ठेवू?"

"तुझ्या खिशात होता ना? बरा होता."

ती टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. मी मागे. पाड्यावर दहा-बारा घरे, कारवीच्या कुडाला शेणाचा लेप. तिच्या दोन लहान मुली दारात करवंदे खात होत्या, तोंडे काळीनिळी. नवरा मानमोडीत गेला. सासू त्याच आठवड्यात गेली. तिने हे एका वाक्यात सांगितले आणि मला बसायला घोंगडी टाकली.

जेवायला नागलीची भाकर, अर्ध्या तळहाताएवढी, आणि त्या पांढऱ्या चकत्या. मी शेजारच्या टोपलीतल्या दोन तोंडात टाकल्या आणि घशात कुणी खाजकुइली चोळावी तशी आग झाली. डोळ्यांतून पाणी आले. मुली खिदळू लागल्या.

"अरे, ते कालचे नाय, आजचे," चैती म्हणाली. "ते अजून धुवायचे हायत. हे खा." तिने चिंचेचा गोळा माझ्या तोंडात कोंबला. कडूकांदा हा रानातला कंद विषारी असतो. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडतात आणि दिवस-रात्र वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा तो माणसाच्या पोटाला चालतो. चांगल्या सालात याला कुणी हात लावत नाही. ही बाई तीन आठवडे हाच कंद खात होती आणि जव्हारला तिच्या नावची नागली पडून होती.

घसा शांत झाल्यावर मी कारण विचारले. तिने दाराबाहेर पाहून हाक मारली, "देवज्या डोकऱ्या, हा इचारतोय, तू सांग."

देवज्या हा पाड्याचा म्हातारा कारभारी. तो पलीकडच्या अंगणात दोर वळत होता. दोर न सोडता तो आला, उकिडवा बसला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"तू दाणेवाला?"

"नाही. वर्तमानपत्रवाला."

"म्हंजे सांगणारा." त्याने मान हलवली. "मंग ऐक. तिकडं राब दिसतात?"

उतारावर शेतांच्या तुकड्यांवर वाळलेल्या फांद्यांचे थर पसरले होते. खाली शेण, वर फांद्या, त्यावर पाचोळा, वर माती. पावसाआधी हे सारे जाळतात. त्या भाजलेल्या जमिनीत भात-नागलीचे बी टाकतात, तिथे रोप होते, ते रोप काढून शेतात लावतात. ज्याचा राब नाही त्याचे रोप नाही, आणि ज्याचे रोप नाही त्याचे ते साल गेले. राबाला फांद्या पुष्कळ लागतात आणि त्या तोडायला झाडावर चढावे लागते. एकट्या बाईचे ते काम नव्हे. म्हणून सावड असते. सारा पाडा मिळून एकेकाचा राब घालतो. ज्या घरात वर्षभरात मयत झाले त्या घराचा राब सर्वांत आधी.

मी उतारावर पुन्हा पाहिले. मध्ये एक तुकडा उघडा होता. त्यावर गुडघाभर उंचीची एक रास, तीही एका कोपऱ्यात.

"तो माझा," चैती म्हणाली. "शेण मी टाकलं. पाचोळा मी आणला. फांद्या कोण देल?"

"तिचा राब आधी घालायला हवा होता ना?" मी देवज्याला विचारले.

"हवा होता. पण ती तिकडची झाली." त्याने जव्हारच्या दिशेला हनुवटी उडवली. "जेची भाकर, तेचा दिवस. आमच्यात असाच हाय."

हा नियम नीट समजून घ्यायला मला दुपार लागली. त्याने तो तुकड्यातुकड्याने सांगितला आणि प्रत्येक तुकड्यानंतर दोराला एक पीळ दिला. त्याच्या बापाच्या वेळी खाली सपाटीवरचे शेठ पाड्यावरच्या तरुणाचे लग्न लावून देत. मग तो आणि त्याची बायको शेठच्या घरी जेवत आणि शेठच्या घरी राबत, बहुधा मरेपर्यंत. अशाच्या जमिनीवर पाड्याने सावडीने राब घातला, लावणी केली, तर कापणीला शेठ गाडी घेऊन हजर. माणूस माझा, तर पीकही माझे. दोनतीनदा असे झाल्यावर पाड्याने ठरवले, जो ज्याच्या घरचे खाईल त्याने त्याच्याकडे दिवस भरावा, सावडीत तो नाही. पुढे महाराजांनी असे शेठ हद्दीबाहेर घालवले की ते आपणच गेले, हे त्याला नक्की ठाऊक नव्हते. नियम मात्र राहिला.

"पण मुंबईची मंडळी पीक न्यायला येणार नाही," मी म्हणालो.

"तो शेठ लग्नाच्या दिशी बोलला व्हता का, पीक न्यायला येन म्हणून?"

देवज्याने दोराला आणखी एक पीळ दिला.

"फुकट कोणी देत नाय," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "देतो तो कवा तरी येतोच. दोन सालांनी येल, दहा सालांनी येल. तुमच्याकडं फुकट देतात?"

मी त्याला वाराची गोष्ट सांगितली. सात दिवस, सात घरे. तो ऐकत होता.

"आणि तू काय करायचास त्यांचं?"

"काही नाही. एका घरी पूजेची फुले आणून देई. एका घरी मुलांना शिकवी. एका घरी पत्रे लिहून देई. दळण..."

"सात घरचे सात दिवस," देवज्या म्हणाला. "आठवड्याला दिवस किती असतात तुमच्यात?"

"सात."

"मंग तुझा सोताचा दिवस कवा?"

पलीकडून कुणी तरी मोठ्याने हसले. आतापावेतो निम्मा पाडा अंगणात येऊन बसला होता. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मी स्वतःही नाही.

मी चैतीकडे वळलो. सर्वांत सोपा मार्ग अजून माझ्या डोक्यातून गेला नव्हता. "तू धान्य घेत राहिलीस तर मुलींना हा कांदा खावा लागणार नाही."

"मिरगापर्यंत," ती म्हणाली. "तो कारकून बोलला, मिरग लागला की दाणा बंद. मंग? राब नाय, रोप नाय. पुढल्या सालाला मी काय खाऊ? तेव्हा तुझी मंडळी असंल का?"

मला ठाऊक नव्हते. चिटणिसांनाही नसावे.

"मी बिल्ला टाकून आले," ती देवज्याला म्हणाली, माझ्यासमोर पण मला उद्देशून नव्हे. "आणखी काय करू?"

"बिल्ला काय, हा घेऊनच आला ना परत." देवज्याने माझ्या खिशाकडे बोट दाखवले. "बिल्ला पत्रा हाय. नाव तिथं लिवलंय. नाव निघू दे, उद्या फांद्या टाकतो. माझ्या मनात काय नाय गं. पण एकाला सोडलं तर सावड मोडंल. आणि फांद्या वाळाय दिवस लागतात. आठ दिवस धर. आभाळ बघ."

आभाळ कोरडे होते, पण दुपारनंतर पश्चिमेला ढग जमून विरघळू लागले होते. हे दोघांनीही पाहिले.

पुन्हा जव्हार

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा चैतीच्या घरी भाकर खाऊन निघालो. बरोबर ती आणि देवज्या. वाटेत म्हाताऱ्याने मला तीन वेळा बसू दिले आणि तिन्ही वेळा माझ्या बुटांकडे पाहून दयेने मान हलवली.

बर्व्यांनी सर्व ऐकून घेतले. वही काढली. नियमांचा कागद काढला. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, फक्त कागदावर नसलेली गोष्ट त्यांना करता येत नव्हती. हा दोष माझ्या धंद्यातही आहे.

"नाव कमी करण्याची कारणे तीन," त्यांनी वाचले. "एक, विधवेने पाट लावला तर. लावतेस का पाट?"

"नवरा तू आणतोस का?" चैती म्हणाली.

देवज्या खोकत खोकत हसला. बर्वे लाल झाले.

"दोन, हद्दीबाहेर राहायला गेली तर. त्याला पलीकडच्या मामलेदाराचा दाखला लागतो. तो यायला महिना जाईल."

"महिन्यानं पाऊस," देवज्या म्हणाला.

"तीन..." बर्वे थांबले. "तिसरे इथे लागू नाही."

"वाच तर."

"मयत."

बाहेर दरबारचा शिपाई विहिरीवर बादली सोडत होता.

"तेला दाखला लागतो का?" देवज्याने विचारले.

"नाही. गावच्या कारभाऱ्याचा अंगठा आणि एका साक्षर माणसाची सही. साथीत माणसे इतकी मेली की दाखल्याला कोण थांबणार? म्हणून तसे ठरले." मग एकदम त्यांच्या ध्यानात आले. "अहो, ही समोर उभी आहे!"

"दाणा घ्यायला उभी नाय," देवज्या म्हणाला. "तुझ्या वहीत ती दाणा घेणारी. ती दाणा घेणारी मेली, असं लिव."

बर्व्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नियमांचा कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला. चौथे कारण नव्हते. पत्र लिहून चिटणिसांची परवानगी आणता येईल, असे मी सुचवले. मोखाड्याला माणूस जाऊन यायला दोन दिवस, चिटणिसांना मुंबईला विचारावे लागले तर आणखी आठ. चैती खिडकीतून आभाळाकडे पाहत होती.

"मी लिहितो," बर्वे म्हणाले, "पण साक्षर साक्षी मी होऊ शकत नाही. लिहिणारा साक्षी नसतो."

म्हणजे उरलो मी.

आमच्या कचेरीत एक रीत आहे. मेलेल्या माणसाची बातमी दोन ठिकाणांहून खात्री केल्यावाचून छापायची नाही. जिवंत माणसाला मेलेला म्हणण्यासारखी दुसरी चूक नाही, असे माझे पहिले संपादक सांगत. देवज्याने अंगठा उठवला. त्याच्या खाली मी माझे नाव लिहिले, पूर्ण, नेहमीच्या अक्षरात. बर्व्यांनी सदतीस आकड्यापुढे एक आडवी रेघ ओढली आणि मी खिशातला बिल्ला त्यांच्यापुढे ठेवला. आता तो घेण्याची सोय होती.

"झालं?" चैतीने विचारले. "मेले मी?"

"मेलीस," बर्वे म्हणाले. ते उठले, स्वतः माप भरून आणले आणि टेबलावर ठेवले. "मयताच्या घरी शेवटचा शिधा द्यायचा असतो. नियमात आहे. मुलींसाठी ने."

नागली मापाच्या वर शिगेला आली होती. चैतीने तिच्याकडे पाहिले. मग देवज्याकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता, म्हणजे त्याने निर्णय तिच्यावर सोडला होता.

"मेलेल्याला दाणा कशाला?" ती म्हणाली आणि बाहेर पडली.

राब

माझा मुक्काम एवढ्यावर संपायचा होता. पण पुढे काय झाले ते न पाहता परतणे म्हणजे अर्धी बातमी. मी तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाड्यावर गेलो.

माझी कल्पना होती की माणसे रानात जाऊन नव्या फांद्या तोडतील. तसे झाले नाही. ओल्या फांद्या वाळायला वेळ नव्हता. प्रत्येक घराने आपल्या स्वतःच्या राबावरचा एक थर उचलला. वाळलेल्या ऐनाच्या फांद्या डोक्यावर घेऊन माणसे उताराने चालली होती, बायका पाचोळ्याच्या पाट्या घेऊन मागे. जिथून थर उचलला तिथे प्रत्येकाचा राब तेवढा पातळ झाला. ज्या घरात सर्वांत जास्त माणसे होती त्यानेही एक थर दिला आणि ज्या घरात दोघेच होते त्यानेही. मोजत कुणी नव्हते, पण पाहत सगळे होते. एकाने जरा छोटा भारा आणला तर त्याची भावजय म्हणाली, "हा काय तुझ्या बायकोच्या अंबाड्यात खोवायला आणलास?" तो निमूट परत फिरला.

मी वही काढून बांधावर बसलो. देवज्या आला आणि माझ्यापुढे उभा राहिला.

"तू काय करतोस?"

"लिहितो आहे."

"तू हिच्या घरी जेवलास."

"हो."

"मंग?"

मी वही कोटात ठेवली आणि कोट काढून बांधावर ठेवला. पहिला भारा उचलताना तो डोक्यावरून मागे सरकून पडला. दुसऱ्या खेपेला एका बाईने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवून दिली आणि भारा पुढे ओढून बसवला. दुपारपर्यंत मी अकरा खेपा केल्या. मोजल्या, कारण ती सवय जात नाही. मान तीन दिवस वळत नव्हती. चैतीने त्याबद्दल माझे आभार मानले नाहीत. तिने इतरांचेही मानले नाहीत. पुढच्या लावणीला ती प्रत्येकाच्या बांधावर असणार होती, एवढे सगळ्यांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता, वारा मंद असताना, सगळ्यांचे राब पेटवले. पेटवतात ते वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग पळत नाही, सावकाश सरकते आणि माती खोलवर भाजते. दोन्ही मुली ओल्या फांद्या घेऊन कडेला उभ्या होत्या, ठिणगी उडाली की तिच्यावर तुटून पडत. दुपारी चैतीच्या तुकड्यावर काळा चौकोन होता. शेजारच्या चौकोनांहून रंगात फरक नव्हता.

परत

मोखाड्याला चिटणिसांनी जव्हारकडचे वाटप कसे चालले आहे ते विचारले. चोख, असे मी सांगितले, आणि ते खरे होते. कुणी दगावले का, असे विचारल्यावर मी म्हणालो, यादीप्रमाणे एक. त्यांनी डोळे मिटले. मी त्याच वेळी पुढचे बोलायला हवे होते. पण नाव पुन्हा यादीत चढले तर पाड्यावर काय होईल हे मला दिसत होते. राब भाजून झाला होता, लावणी व्हायची होती. मी त्यांनी दिलेल्या पन्ह्याचा पेला उचलला.

पावसाळ्यात मंडळीचा छापील अहवाल आमच्या कचेरीत आला. त्यात एक वाक्य आहे: दाभोशाच्या बाजूस एक तरुण विधवा, नियमित साहाय्य उपलब्ध असूनही, मरण पावली, ही खेदाची गोष्ट होय. संपादकांनी त्याखाली रेघ मारून मला विचारले, तू तिथे होतास ना, काय झाले होते? मी त्यांना सांगितले. त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, चूक आपल्या माणसाच्या सहीने झाली आहे, तेव्हा दुरुस्ती आपल्याच पत्रात आली पाहिजे. मी कापणी होईपर्यंत मुदत मागून घेतली.

ती दुरुस्ती अशी. त्या वाक्यातली बाई जिवंत आहे. मंडळीच्या कारकुनाचा यात दोष नाही. मयताच्या नोंदीखालची साक्ष खोटी असून ती माझी आहे. मंडळीने नियमांत चौथे कारण घालावे, ते एका ओळीचे आहे: घेणाऱ्यास नको असेल तर. ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी आपले धान्य वाया गेले असे समजू नये. मोखाड्याच्या मांडवात मुले खिचडीला फुंकर मारताना मी पाहिली आहेत, आणि त्यांना सावडीचा पाडा नव्हता.

दिवाळीनंतर मंगळ्या गाडीवान कुणाचे तरी सामान घेऊन इगतपुरीस आला होता. आमचा एक बातमीदार तिथे गेला असता मंगळ्याने त्याच्याबरोबर माझ्यासाठी निरोप दिला. चैतीची नागली घरात आली, भातही बेस झाला, देवज्या खोकतो पण हिंडतो.

"आणि डोकऱ्यानं सांगितलंय," निरोपाचा शेवट असा होता, "तू हिच्या घरी दोन दिवस जेवलास आणि एकच दिवस भरलास. लावणीला वाट पाहिली. आता मळणीला तरी ये."

मी रजेचा अर्ज दिला आहे.